वायलम गावचा जॉर्ज

मागच्या सेमिस्टरला थर्मलच्या ओरलला माझं जे झालं ते विंगमधल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. कंडेन्सर काय करतो, हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, डोळ्यांसमोर दिसत होतं. पण एक्स्टर्नलनी इंग्रजीत विचारलं आणि माझ्या तोंडून ‘सर, द स्टीम इज...’ याच्या पुढे काही येईना. खाली मान घालून बाहेर आलो. दहावीपर्यंत मराठी मीडियम, गाव तालुक्यापासून अठरा किलोमीटर. अशी पोरं आपल्या होस्टेलमध्ये मी एकटाच नाही.

त्या दिवशी मेसला न जाता लायब्ररीत जाऊन बसलो. समोरच्या कपाटात सॅम्युएल स्माइल्सचं जॉर्ज स्टीफन्सनवरचं जुनं चरित्र होतं. हे पुस्तक 1857 सालचं आहे. रेल्वेचा जनक वगैरे आपण शाळेत पाठ केलेलं असतं, म्हणून फारशी अपेक्षा न ठेवता उघडलं. आणि दुसऱ्याच प्रकरणात कळलं की हा माणूस वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत स्वतःचं नाव लिहू शकत नव्हता. मग मात्र पुस्तक इश्यू करून रूमवर घेऊन आलो. (स्माइल्ससाहेबांना आपला हिरो जरा जास्तच चकचकीत करायची सवय आहे. त्यामुळे नंतर दुसरीकडेही ताडून पाहिलं. पुढे जे लिहितोय ते त्या गाळणीतून आलेलं.)

इंग्लंडच्या अगदी उत्तरेला नॉर्थम्बरलंड नावाचा परगणा आहे. तिथे टाइन नदीच्या काठी, न्यूकॅसल शहरापासून साधारण पंधरा किलोमीटर वर, वायलम हे गाव. जॉर्जचा जन्म इथला, 9 जून 1781 चा. घर अजून उभं आहे, दगडी, दुमजली. फोटो पाहिला तर वाटतं, बरं होतं की यांचं. पण त्या एका घरात चार कुटुंबं राहत. स्टीफन्सन मंडळींच्या वाट्याला एक खोली. आई, बाप आणि पुढे सहा पोरं त्या एका खोलीत. जॉर्ज दुसरा. आपल्या रूमवर तीन जण झाले की आपण रेक्टरकडे अर्ज करतो!

बाप रॉबर्ट हा खाणीवर फायरमन होता. कोळशाच्या खाणीत पाणी साचतं, ते उपसायला वाफेचा पंप, त्या पंपाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम. पगार आठवड्याला 12 शिलिंग. आई मेबल. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि सहा पोरांना शाळेत घालण्याइतके पैसे त्या पगारात उरतच नव्हते.

पण घराच्या दारासमोर जे होतं, ते लंडनच्या कुठल्याही शाळेत नव्हतं. उंबऱ्याबाहेर काही पावलांवर लाकडी रूळ टाकलेले होते. त्यांवरून घोडे कोळशाच्या वॅगन ओढत नदीकाठी लेमिंग्टनपर्यंत नेत, तिथून कोळसा होड्यांत भरून पुढे जायचा. रेल्वे जन्माला यायच्या आधीची ही वॅगनवाट. वायलमची वाट 1748 च्या सुमाराची. म्हणजे जॉर्ज रांगायला लागला तेव्हा रूळ दारात होतेच, नव्हतं ते इंजिन. थोरल्या पोरांचं एक काम म्हणजे धाकट्यांना वॅगनखाली जाऊ न देणं. आपल्याकडे हायवेलगतच्या घरांत असतं तसंच.

या गावाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जॉर्जनंतर पाचच वर्षांनी, 1786 मध्ये, याच वायलममध्ये टिमथी हॅकवर्थ जन्मला. तोही इंजिनवाला. आणि जॉर्जच्या दारासमोरच्या त्याच वॅगनवाटेवर 1813-14 च्या सुमारास विल्यम हेडलीने ‘पफिंग बिली’ चालवली. ती आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, आणि जगात टिकून राहिलेल्या रेल्वे इंजिनांत सर्वांत जुनी तीच. चार घरांच्या खेड्यात एवढं सगळं कसं, असा प्रश्न मलाही पडला. उत्तर सोपं आहे. जिथे कोळसा आहे, पाणी उपसायचं आहे आणि माल नदीपर्यंत न्यायचा आहे, तिथे गरज रोज सकाळी दारात येऊन उभी राहते.

1789 मध्ये वायलमच्या खाणीचा कोळसा आटला आणि कुटुंब ड्यूली बर्नला हललं. खाणकामगारांचं हे असंच, खाण जाईल तिथे बिऱ्हाड. ऊसतोड मजुरांच्या घरची पोरं आपल्यात आहेत, त्यांना हे जास्त सांगायला नको. आठ वर्षांच्या जॉर्जला तिथे पहिली नोकरी लागली, एका विधवा बाईच्या गाई राखायची. गाई वॅगनवाटेवर जाऊ द्यायच्या नाहीत आणि संध्याकाळी वॅगन गेल्या की फाटकं बंद करायची. मजुरी रोज 2 पेन्स. गाई चरायच्या आणि हा एका मित्राबरोबर ओढ्याकाठच्या चिखलाची इंजिनं करायचा. पोकळ वनस्पतींचे देठ म्हणजे वाफेचे पाइप. आपण पोळ्याला मातीचे बैल करतो. त्या गावात इंजिन हाच बैल होता, म्हणून त्यांनी इंजिनं केली.

मग शलगमाच्या शेतात खुरपणीला 4 पेन्स. कोळशातले दगड निवडायला 6 पेन्स. ब्लॅक कॅलर्टनला रहाटाचा घोडा फिरवायला 8 पेन्स. हा रहाट म्हणजे आपल्या जुन्या गुऱ्हाळातल्या चरकासारखा. जनावर गोल फिरतं, ढोल फिरतो, दोर गुंडाळला जातो आणि खाणीतून माल वर येतो. चौदाव्या वर्षी बापाच्या हाताखाली असिस्टंट फायरमन, रोज 1 शिलिंग.

सतराव्या वर्षी न्यूबर्नजवळच्या खाणीवर तो प्लगमन झाला. म्हणजे हुद्द्याने बापाच्या वर, कारण बाप त्याच इंजिनवर फायरमन होता. प्लगमनचं काम पंपाकडे बघायचं. खालचं पाणी उतरलं आणि पंप हवा ओढायला लागला, तर शाफ्टमध्ये उतरून पंपाच्या तळाच्या भोकांना प्लग लावायचे. बाकी वेळ बसून राहिलं तरी चालायचं. हा बसत नव्हता. शनिवारी दुपारी इंजिन बंद झालं की बाकीचे खेळायला किंवा दारूच्या गुत्त्यावर, आणि हा इंजिनचे भाग उकलून, पुसून, परत जोडत बसायचा. इंजिनला मेकॅनिकची गरज लागेनाशी झाली.

इथेच त्याला पहिल्यांदा भिंत लागली. वॅट आणि बोल्टनच्या नव्या इंजिनांबद्दल तो ऐकत होता, पण ते सगळं पुस्तकांत होतं आणि पुस्तक त्याच्यासाठी काळ्या मुंग्यांची रांग होती. म्हणून अठराव्या वर्षी, दिवसभराच्या बारा तासांच्या पाळीनंतर, आठवड्यातल्या तीन रात्री तो वॉलबॉटल गावात एका गरीब मास्तरांकडे जाऊ लागला. फी आठवड्याला 3 पेन्स. लहान पोरांच्या शेजारी बसून मुळाक्षरं गिरवायची. एकोणिसाव्या वर्षी त्याला स्वतःचं नाव लिहिता आलं. मग न्यूबर्नमध्ये दुसऱ्या मास्तरांकडे गणित. पाटीवर गणितं घेऊन इंजिनवर जायचं, भट्टीच्या उजेडात सोडवायची, संध्याकाळी तपासायला द्यायची.

हे वाचताना मला आमचे अण्णा आठवले. माझे थोरले चुलते. पाचवी शाळा, गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटर नुसत्या वासावरून ओळखतात. डिप्लोमाचे सर त्यांना विचारायला येतात. पण बँकेत फॉर्म भरायचा झाला की मला बोलावतात, आणि खरं सांगतो, अकरावी-बारावीत मला त्याची लाज वाटायची.

पुढची काही वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यात दुःखच जास्त आहे. 1802 मध्ये न्यूबर्नच्या चर्चमध्ये फॅनी हेंडरसनशी लग्न. विलिंग्टन की या नदीकाठच्या गावात बिऱ्हाड. पगार पुरत नाही म्हणून बूट शिवणं, आणि एकदा धुराड्याला आग लागून घरातलं घड्याळ काजळीने बंद पडलं तेव्हा स्वतःच उघडून साफ केलं, तर घड्याळदुरुस्तीचा जोडधंदा सुरू. 1803 मध्ये मुलगा रॉबर्ट. 1804 मध्ये किलिंगवर्थजवळच्या वेस्ट मूरला मुक्काम हलला. मग एक मुलगी झाली आणि तीन आठवड्यांत गेली. 1806 मध्ये फॅनी क्षयाने गेली. लहानग्या रॉबर्टला शेजाऱ्यांकडे ठेवून जॉर्ज पायी स्कॉटलंडला गेला, माँट्रोझला इंजिनवर नोकरी केली. परत आला तेव्हा बाप आंधळा झालेला. इंजिनच्या आत दुरुस्ती करत असताना कुणीतरी चुकून वाफ सोडली होती. जॉर्जने बापाची कर्जं फेडली आणि आईबापाला वेस्ट मूरला जवळ आणलं. त्याच सुमारास सैन्यभरतीच्या चिठ्ठीत त्याचं नाव निघालं. बदली माणूस द्यायला उरलीसुरली शिल्लक गेली. अमेरिकेला निघून जावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण तिकिटाला पैसे नव्हते.

किलिंगवर्थला हाय पिट नावाची नवी खाण खणली होती आणि तिचा पंप वर्षभर पाणी उपसूनही खाण कोरडी करत नव्हता. मोठमोठे इंजिनवाले येऊन गेले. 1811 मध्ये काम जॉर्जकडे आलं. त्याची एकच अट, माणसं मी निवडणार. हे न्यूकोमेन पद्धतीचं इंजिन. सिलिंडरमधल्या वाफेवर गार पाण्याचा फवारा मारायचा, वाफ आकसते, पोकळी होते आणि बाहेरची हवा पिस्टन खाली ढकलते. जॉर्जने पाहिलं की फवाराच कमजोर आहे. त्याने फवाऱ्याचं तोंड मोठं केलं, पाण्याची टाकी 10 फूट वर चढवली, म्हणजे हेड वाढला, आणि वाफेचा दाबही वाढवला. आठवड्याच्या आत माणसं खाणीच्या तळाला उभी होती.

कंडेन्सेशनच. ओरलला मला विचारलेला प्रश्न फिरून तोच! हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटाच हसलो.

1812 मध्ये तो किलिंगवर्थचा एंजिनराइट झाला, वर्षाला 100 पौंड. मी सवयीने हिशोब केला. एका पौंडाचे 240 पेन्स. म्हणजे गाई राखून एवढे पैसे मिळवायला त्याला सुमारे तेहतीस वर्षं लागली असती. 1814 मध्ये त्याने किलिंगवर्थच्या वॅगनवाटेवर पहिलं इंजिन चालवलं, ‘ब्लूखर’. 450 ला 1 अशा चढावर 30 टन, ताशी 4 मैल.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट दिव्याची. खाणीत मिथेन साठतो, आणि त्या काळी उजेडाला उघडी ज्योत. 1812 मध्ये न्यूकॅसलजवळच्या फेलिंगच्या खाणीत एका स्फोटात 92 जण मेले. जॉर्जने स्वतःच्या डोक्याने सुरक्षित दिवा तयार केला. आत हवा जाते ती बारीक नळ्यांतून आणि छिद्रांतून, त्यांतून ज्योत उलटी बाहेर येत नाही. ऑक्टोबर 1815 मध्ये तो पेटवलेला दिवा घेऊन किलिंगवर्थच्या खाणीत, जिथे वायू सूं आवाज करत बाहेर येत होता, तिथे स्वतः जाऊन उभा राहिला. अंदाज चुकला असता तर हा लेख इथेच संपला असता. त्यानंतर काही आठवड्यांनी, नोव्हेंबरमध्ये, सर हम्फ्री डेव्ही यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला दिवा मांडला. दोघांनी एकमेकांचं पाहिलं नव्हतं. डेव्हींना 2000 पौंडांचं बक्षीस मिळालं, जॉर्जला 100 गिनी. डेव्हींचं म्हणणं असं की, ज्याला रसायनशास्त्राचा गंध नाही असा खाणीवरचा अडाणी माणूस हे करूच शकत नाही, त्याने चोरलंच असणार. गंमत बघा, डेव्ही स्वतः पेन्झान्स नावाच्या दूरच्या गावातल्या लाकूड कोरणाऱ्याचा मुलगा. न्यूकॅसलच्या लोकांनी चिडून वर्गणी काढली आणि जॉर्जला 1000 पौंड दिले. 1833 मध्ये पार्लमेंटच्या समितीने दोघांचा हक्क सारखा ठरवला, तेव्हा डेव्हींना जाऊन चार वर्षं झाली होती.

इंग्रजांच्या देशात, इंग्रज आईबापाच्या पोटी जन्मलेल्या माणसाची अडचण झाली ती भाषेची. तो नॉर्थम्बरलंडची ठसकेबाज बोली बोलायचा, लंडनवाल्यांना ती कळायची नाही आणि जी कळायची तिला ते हसायचे. जॉर्जने ठरवलं की रॉबर्टच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही. रॉबर्टला न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातलं. पोरगा रोज सात-आठ किलोमीटर जायचा, आधी पायी आणि मग बापाने घेऊन दिलेल्या गाढवावर. न्यूकॅसलच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीची पुस्तकं घरी आणायचा. जी घरी देत नसत त्यांतल्या आकृत्या उतरवून आणायचा. मग रात्री पोरगा मोठ्याने वाचणार आणि बाप ऐकणार, प्रश्न विचारणार. फी एकाची, शिकणारे दोघे. आपल्याकडेही एक गाईड चार जण वापरतातच की!

या शिक्षणाची खूण वेस्ट मूरच्या त्यांच्या घरावर आहे. बापलेकांनी मिळून एक सूर्यघड्याळ तयार केलं, आपल्या गावच्या अक्षांशाचा हिशोब करून, आणि दाराच्या वर बसवलं. त्यावर तारीख आहे, 11 ऑगस्ट 1816. रॉबर्ट तेव्हा बारा वर्षांचा होता.

यानंतरचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. 1823 मध्ये न्यूकॅसलला मुलाच्या नावाने इंजिनाचा कारखाना. 27 सप्टेंबर 1825 ला स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमधली एक गोष्ट कमी सांगितली जाते. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं विधेयक पार्लमेंटच्या समितीपुढे होतं आणि जॉर्जची साक्ष होती. विरोधी वकील एडवर्ड अल्डरसन. म्हणजे आपल्या ओरलसारखंच, फक्त तीन दिवस चाललेलं आणि समोर जमीनदार, कालवेवाले, खासदार. त्याच्या बोलीची थट्टा झाली. हा परदेशी आहे काय, असंही एकाने विचारल्याचं तो पुढे सांगायचा. वकिलाने त्याची सगळी योजनाच मूर्खपणाची ठरवली. विधेयक बारगळलं आणि जॉर्जचं काम दुसऱ्यांकडे गेलं.

इथपर्यंत वाचून माझं रक्त गरम झालं होतं. पण पुढचं पान उलटल्यावर ते जरा निवलं. कारण सर्व्हेच्या लेव्हल खरंच चुकल्या होत्या. जमीनदारांनी माणसं घालून मोजणी करू दिली नव्हती, हे खरं. काम हाताखालच्या लोकांनी घाईत केलेलं आणि जॉर्जने ते नीट तपासलं नव्हतं, हेही तितकंच खरं. त्याची बोली कितीही हास्यास्पद ठरवली असती तरी आकडे बरोबर असते तर वकिलाला इतकं सोपं गेलं नसतं. आणि ज्याला यासाठीच शिकवलं, एडिंबरोला सहा महिने कॉलेजात पाठवलं, तो रॉबर्ट नेमका तेव्हा दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या चांदीच्या खाणींवर होता. तो 1827 मध्ये परतला.

विधेयक 1826 मध्ये मंजूर झालं आणि कंपनीने काम पुन्हा जॉर्जलाच दिलं. चॅट मॉसच्या दलदलीवर त्याने काटक्या-झुडपांचे ताटवे पसरून रूळ अक्षरशः तरंगते ठेवले. ऑक्टोबर 1829 मध्ये रेनहिलला इंजिनांची स्पर्धा झाली. ‘रॉकेट’ जिंकलं, त्यात रॉबर्टचं काम मोठं आणि बॉयलरमधल्या 25 नळ्यांची कल्पना हेन्री बूथची. हरलेल्या इंजिनांत ‘सान्स पारेल’ होतं, टिमथी हॅकवर्थचं. त्या दिवशी समोरासमोर उभे होते ते एकाच गावचे दोघे.

त्याचा धागा आपल्यापर्यंतही येतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्या जीआयपी रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली हे रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेले. भोर घाटाचं कामही त्यांचंच. सुट्टीला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यात आपण ओरडतो, तेव्हा त्या वाटेचं एक टोक कुठे आहे हे मला तरी माहीत नव्हतं.

जॉर्ज 12 ऑगस्ट 1848 ला चेस्टरफील्डला वारला. शेवटच्या वर्षांत काचेच्या घरात अननस पिकवायचा आणि काकड्या सरळ वाढाव्यात म्हणून काचेच्या नळ्या करून घ्यायचा. मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचा पहिला अध्यक्ष तोच, 1847 मध्ये. ‘सर’ ही पदवी त्याने घेतली नाही. बोली शेवटपर्यंत बदलली नाही.

पुस्तक परत करायच्या आदल्या रात्री मी नकाशावर वायलम शोधलं. जॉर्जच्या दारासमोरची वॅगनवाट पुढे खरी रेल्वे झाली होती. ती 1968 मध्ये बंद पडली आणि रूळ काढले. आता तिथे लोक चालतात, सायकली चालवतात. दिवाळीला घरी गेलो तेव्हा अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मोटरवरून मान वर न काढता फक्त एवढं विचारलं, की ती टाकी किती फूट वर चढवली होती. दहा फूट म्हटल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बरोबर आहे.